शून्याची ओळ

एका ओळीसाठी माणूस किती हट्ट धरू शकतो, हे मी हटवार सरांकडे पाहून शिकले. ओळ कवितेची असती तर मला नवल वाटलं नसतं. मी मराठी शिकवते. ओळीपायी रुसून बसलेली माणसं मी पाहिलेली आहेत. पण हटवार सर गणिताचे. त्यांची ओळ होती x + 0 = 5. ती लिहिली काय नि न लिहिली काय, उत्तरात तसूभर फरक पडत नाही. हे सरांनाही माहीत होतं. तरी ती ओळ न लिहिणाऱ्या मुलाची वही ते परत करत आणि म्हणत, "अर्धवट आहे. पुरं करून आण."

आमची शाळा साकोलीहून एकोडीच्या बाजूला जाताना लागते. गावाचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. जुन्या तलावाच्या पाळीखाली शाळा, तिन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. मी लागले तेव्हा एकेका वर्गात साठ मुलं दाटीवाटीनं बसायची. आता पंचवीस-तीस भरली तरी आमचे मुख्याध्यापक गहाणे सर देवाला हात जोडतात. बाकीची सकाळीच पिवळ्या गाडीत बसून कॉन्व्हेंटला जातात. उरलेल्यांना आम्ही शिकवतो, आणि उरलेल्या वेळात वरून मागितलेली माहिती भरतो. तीच माहिती, दर महिन्याला नव्या तक्त्यात. अशा शाळेत सतरा वर्षं मी आणि हटवार सर एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसलो.

उंच, वाळलेला माणूस. खांदे पुढे आलेले. शर्टाच्या खिशात पेन एकच, खडूचे तुकडे मात्र पाच-सहा. त्यामुळे खिसा बारमाही पांढरा. एकोडीहून सायकलनं यायचे. मोटारसायकल का घेत नाही म्हणून विचारलं तर म्हणत, "सायकलवर विचार करता येते." घरची थोडी धानाची शेती होती, डब्यात बहुतेक वेळा भात आणि लाखोरीचं वरण. सगळ्यांचं जेवण आटोपलं की मग त्यांचा डबा उघडायचा. बोलणं कमी, आवाज दमलेला, सकाळी दहालाही दिवसभर बोलून झाल्यासारखा. कसे आहात सर? "चालते." सर, आज सातवा तासही तुम्हालाच घ्यावा लागेल. "चालते." सर, निवडणुकीच्या ड्युटीत तुमचं नाव आलंय. "चालते." या चालतेमध्ये होकार किती आणि कंटाळा किती, ते मला सतरा वर्षांत नीट वेगळं करता आलं नाही.

वर्गात मात्र ते काही गोष्टी चालू देत नसत. पहिली गोष्ट फळा. आमच्यासारखं डस्टरनं दोन हात मारून मोकळं व्हायचं नाही. बोअरिंगवर फडका ओला करून आणायचा, वरून खाली सबंध फळा पुसायचा, आणि तो वाळेपर्यंत गप्प उभं राहायचं. मुलंही गप्प. ओला काळा फळा हळूहळू फिकट होत जाताना पंचवीस पोरं बघत बसली आहेत, असं दृश्य मी व्हरांड्यातून कितीदा तरी पाहिलं आहे. माझ्या कवितेच्या तासाला इतकी शांतता कधी मिळाली नाही, याचा मला थोडा राग येत असे, खोटं कशाला बोलू.

दुसरी गोष्ट ती ओळ. समीकरण सोडवायची सगळीकडची रीत सोपी असते. x + 7 = 12 आहे ना, मग सात पलीकडे न्या, नेला की त्याचं चिन्ह बदलतं, झालं काम. याला पक्षांतर म्हणतात. मीही लहानपणी तसंच शिकले, तुम्हीही शिकला असाल. सर हे नुसतं ऐकलं तरी वैतागत.

"कोण नेते पलीकडे? कावडीवर नेते का?" ते वर्गाला विचारत. "सात आपल्या पायानं चालत जात नाही न, बापा. तो इथंच आहे. त्याले मिटवाचं असन तं त्याची जोडी आणा. साताची जोडी कोण?"

"उणे सात!"

"आणा मंग. पण एकाच बाजूले आणाल तं तराजू कलंडन. दोन्हीकडे आणा. आता इकडे सात न् उणे सात भेटले. काय झालं?"

"शून्य!"

"मंग लिहा न शून्य. लाजता काहून?"

आणि फळ्यावर चार ओळी उमटत.

x + 7 = 12
x + 7 + (−7) = 12 + (−7)
x + 0 = 5
x = 5

यातली तिसरी ती शून्याची ओळ. गुणाकार असला तर तिथं एकाची ओळ यायची : 3x = 15 असेल तर तीनची जोडी एक छेद तीन, दोघांचा गुणाकार एक, म्हणून 1 × x = 5, आणि मग x = 5. पुस्तकात शून्याला आणि एकाला 'अविकारक' असं भारदस्त नाव आहे. बेरजेत शून्य मिळवा, गुणाकारात एकानं गुणा, संख्या होती तशीच राहते. सर तो शब्द एकदा सांगत, मुलं एकदा हसत, आणि पुढे वर्षभर सगळे 'शून्याची ओळ' नि 'एकाची ओळ' असंच म्हणत.

जी गोष्ट लिहून काही बदलत नाही ती लिहायची कशाला, हे मला कळायचं नाही. एकदा कळलं, पण तेही तास चालू असताना नाही.

रोवणीचे, म्हणजे भाताच्या लावणीचे दिवस होते. त्या पंधरवड्यात आमची शाळा ओस पडते. आया बांधीत उतरतात, मोठ्या मुली त्यांच्याबरोबर, धाकटे घर सांभाळायला. एके दिवशी आठवीत एकही मूल आलं नाही. आम्ही शिक्षक खोलीत चहा पीत बसलो. हटवार सर दिसेनात म्हणून मी बघायला गेले, तर ते आठवीच्या रिकाम्या वर्गात खुर्चीवर बसलेले. फळा पुसलेला, वाळलेला. वर्गात मुलं असली की सर कधी बसत नसत. खुर्ची त्यांना डस्टर ठेवण्यापुरती लागायची. त्या दिवशी हजेरीपट घेऊन बसले होते.

"सर, एकटेच?"

"हाजिरी लिहून राहिलो."

"कोण आलंय?"

"कोणीच नाही. शून्य."

"मग त्यात लिहायचं काय? कोरं सोडा."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोरं न् शून्य एक नाही, मॅडम. कोरं म्हणजे कोणी पाहालेच गेलं नाही. शून्य म्हणजे गेलो, पाहिलं, कोणी नव्हतं. मी अख्खा तास बसलो इथं. मंग शून्य लिहिलं."

मी हे येऊन शिक्षक खोलीत सांगितलं. सगळे हसले, मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

सरांचा एक खेळ होता, आठवीत दरवर्षी खेळायचे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या मागच्या बाजूंवर संख्या लिहिलेल्या. प्रत्येकाला एक. कुणी तीन, कुणी एक छेद तीन, कुणी उणे चार, कुणी उणे एक छेद चार. वर्गभर हिंडून आपली गुणाकारातली जोडी शोधायची. दोघांचा गुणाकार एक आला की जोडी लागली, हात धरून खाली बसायचं. एक स्वतःच स्वतःची जोडी, उणे एकही तसाच. एका वर्षी सत्तावीस मुलं होती. बघता बघता सव्वीस खाली बसली आणि रोशनी नावाची एक बारकीशी मुलगी पत्रिका छातीशी धरून मधोमध उभी राहिली. तिच्याकडे शून्य होतं. ती एकेकाकडे जाऊन आली होती. मग ओठ काढून रडायलाच लागली.

"मलेच काहून नाही, सर?"

सर तिच्यासमोर उकिडवे बसले. "हे पाय, बेरजेत सात न् उणे सात भेटले की काय होते? शून्य होते. म्हणजे तूच. तू नसती तं त्यायची जोडी लागली हे कोणाले समजलं असतं?"

"पण आता नाही न लागली माही."

"नाही लागत. गुणाकारात शून्याले जोडी नाही. तू ज्याले गुणशील त्याचं शून्यच होईन, एक काही येणार नाही. तुहा दोष नाही त्याच्यात. स्वभाव आहे तो शून्याचा." मग उठून वर्गाला म्हणाले, "म्हणून शून्यानं भागत नाही कधी. काय?"

"शून्याले जोडी नाही!" वर्ग ओरडला. पुढचे आठ दिवस ते वाक्य मैदानात, बोअरिंगवर, संडासाच्या रांगेत ऐकू येत होतं. मी शुद्धलेखनाची बाई. मला ते 'ले' कानाला टोचायचं. सरांना म्हटलं, निदान 'शून्याला' तरी म्हणायला शिकवा. ते म्हणाले, "चालते, मॅडम. समजलं न त्यायले."

ते चालतं की नाही, हे दोन वर्षांनी कळलं. तीच मुलं दहावीला बसली. एक मुलगा मधल्या काळात कॉन्व्हेंटला गेला होता, उरलेली सव्वीस. निकालाच्या दिवशी सगळे मोबाइलवर डोळे लावून बसले, आणि सव्वीसच्या सव्वीस जणांपुढे एकच शब्द आला : राखीव.

मागोमाग परीक्षेच्या कार्यालयातून पत्र आलं. गणिताच्या पहिल्या भागात या केंद्रावरच्या सर्व मुलांनी पुस्तकात नसलेल्या त्याच त्या जास्तीच्या ओळी लिहिल्या आहेत. शिवाय एक वाक्य सगळ्यांच्या उत्तरपत्रिकेत अक्षरशः सारखं आहे. तेव्हा सामूहिक कॉपीचा संशय येतो. मुख्याध्यापक, विषयशिक्षक आणि चार मुलं यांनी नागपूरला सुनावणीला हजर राहावं.

वाक्य कुठलं, ते सांगायला नको. पेपरात x² = 5x असं उदाहरण होतं. दोन्ही बाजूंना x नं भागून सुटायचा मोह होतो, पण मग शून्य हे उत्तर हातचं जातं. आमच्या मुलांनी भागलं नव्हतं. सरळ अवयव पाडून दोन्ही उत्तरं काढली होती आणि बाजूला कारण लिहिलं होतं : x शून्य असू शकते. शून्याले जोडी नाही. बोर्डाच्या पेपरात, सव्वीस जणांनी, त्या 'ले'सकट.

सरांनी पत्र तीनदा वाचलं. घडी केली, गहाणे सरांच्या टेबलावर ठेवलं आणि फडका ओला करायला निघून गेले. सुट्टी होती, वर्गात कुणी नव्हतं. तरी त्यांनी दहावीचा फळा पुसला.

मग पालक आले. ओरडणारे कमी, नुसते उभे राहणारे जास्त. एकानं सरांना तोंडावर सांगितलं, "तुमच्या त्या शून्यापायी आमच्या पोट्ट्यायचं वरीस गेलं, सर." रोशनीची आई सगळ्यांच्या मागे होती. रोशनीला नर्स व्हायचं होतं, अकरावी सायन्सच्या प्रवेशाचे दिवस निघून चालले होते. आई म्हणाली, "मी तिले म्हटलं होतं, यंदा झालं तं पुढं शिक, नाहीतर माह्यासंगं रोवणीले चाल. आता काय सांगू तिले?" सरांनी खिशातला एक खडू काढून बोटांत फिरवला. नेहमीचं चालते त्या दिवशी त्यांच्या तोंडून आलं नाही.

सुनावणीला एका जीपमध्ये निघालो. पुढे गहाणे सर, मागे दोन मुलं, दोन मुली, मुलींबरोबर बाई हवी म्हणून मी, आणि खिडकीशी हटवार सर. मुलांमध्ये रोशनी होती. कारध्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा गहाणे सर मागे वळले. ते वाईट गृहस्थ नाहीत, घाबरट आहेत. पण घाबरटपणाही नुकसान करतोच. म्हणाले, "हे पाहा, तिथं सोडवाले देतील. त्या जास्तीच्या ओळी बिलकुल लिहू नका. त्याच्याचमुळं हे लचांड आलं. गाईडमध्ये आहे तसं लिहाचं. समजलं?"

मुलांनी हटवार सरांकडे पाहिलं. सर खिडकीतून वैनगंगा बघत होते. ते काहीच बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

खोलीत एक साहेब होते, प्रौढ, थकलेले, त्यांच्याही टेबलावर गठ्ठेच गठ्ठे. रागावलेले नव्हते, तेवढं बरं होतं. चौघांना लांब लांब बसवून त्यांनी कोरे कागद दिले आणि उदाहरण सांगितलं : 3x + 9 = 24. मुलांनी दोन मिनिटांत सोडवून दिलं. साहेबांनी चारही कागद उत्तरपत्रिकांशेजारी मांडले आणि ताडून पाहिले.

"सर, इथं एकानंही ती ओळ लिहिलेली नाही," ते म्हणाले. "यांची रीत तर सगळ्यांसारखीच आहे. मग परीक्षेतच सव्वीस जणांना वेगळी रीत कुठून सुचली?"

गहाणे सरांचा चेहरा उतरला. त्यांच्या लक्षात आलं, काय करून बसलो ते. बोलायला हवं होतं. मी शिक्षक खोलीत एवढी बडबडते, तिथं एक शब्द फुटेना.

हटवार सर उठले. "साहेब, लेकरायची चूक नाही. येताना गाडीत त्यायले सांगितलं गेलं, त्या ओळी लिहू नका म्हणून. मी तिथंच होतो, गप बसलो. बोलाले पाहिजे होतं. बोललो नाही." कोणी सांगितलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

"आता तुम्ही काहीही म्हणाल, सर." साहेबांनी एक उत्तरपत्रिका उचलली. ती नेमकी रोशनीची होती. "आणि हे वाक्य? हे कोणी पुरवलं तुला?"

रोशनी उभी राहिली.

"कोणी नाही पुरवलं, साहेब. आठवीत शून्य मीच होती."

"म्हणजे?"

"माह्यापाशी शून्याचं कार्ड होतं. सारे खाली बसले न् मी एकटीच उभी राहिली. लय रडली मी. तवा सरानं सांगितलं, शून्याले जोडी नाही."

तेवढ्यात मागून एक मुलगा न विचारताच म्हणाला, "मी उणे चार होतो, साहेब. हा उणे एक छेद चार. आमची जोडी लागली होती." दुसऱ्यानं मान हलवली. दुसरी मुलगी हळूच म्हणाली, "मी एक. मी आपल्या आपल्यातच."

"तेव्हा किती जण होता तुम्ही?"

"सत्तावीस. एक कॉन्व्हेंटले गेला."

"तो कोणती संख्या होता?"

"तीन!" चौघंही एकदम म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रोशनीनं विचारलं, "साहेब, कागदाच्या मागच्या बाजूनं परत लिहू का?" त्यांनी कागद पुढे सरकवला. तिनं उभ्या उभ्याच लिहिलं. सात ओळी झाल्या, शून्याची एक, एकाची एक. साहेबांनी त्यावरून बोट फिरवत वाचलं.

"या दोन ओळींनी काहीच बदलत नाही. मग लिहिता कशाला?"

"नवाचं काय झालं, ते दिसाले पाहिजे न, साहेब. नाहीतर तो गेला कुठं म्हणून कोणी विचारलं तं?"

मी हटवार सरांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. हातातल्या खडूचा पार चुरा झाला होता.

आठ दिवसांत निकाल लागला. सव्वीसही पास. रोशनीला प्रवेश मिळाला, पुढे ती नर्सिंगला गेली. गोष्ट इथंच संपली असती तर मला लिहायची गरज पडली नसती. पण सुनावणीहून निघताना साहेबांनी गहाणे सरांना बाजूला घेऊन समजुतीच्या स्वरात सांगितलं होतं, की पुढच्या वर्षीपासून सगळे करतात तसंच करून घ्या, तपासणाऱ्याला गठ्ठे उरकायचे असतात. गहाणे सरांनी शाळेत आल्या आल्या सूचना वहीत लिहून काढलं : गणिताची उदाहरणे प्रचलित पद्धतीनेच सोडवून घ्यावीत. शिपायानं वही आणली. हटवार सरांनी वाचलं, "चालते," म्हणाले, आणि सही केली.

मी भडकले. "सर, तुम्ही बरोबर होतात हे तिथं सिद्ध झालं ना? मग सही का केली?"

"बरोबर होतो, हाव," ते म्हणाले. "पण पुढल्या खेपेले तिथं रोशनी नसन, मॅडम. कोणा पोट्ट्याचं वरीस अडकलं तं मी कुठून आणून देऊ?" मग डबा उघडला, पण जेवले नाहीत. "थकलो आता."

त्यानंतर त्यांनी चार वर्षं पक्षांतर शिकवलं. सात पलीकडे गेला, चिन्ह बदललं. कावडीचा विनोद बंद झाला. लग्नपत्रिकांचा गठ्ठा कपाटात तसाच पडून राहिला. फळा मात्र ओल्या फडक्यानंच पुसला जायचा.

एकदा त्यांच्या मागोमाग माझा तास होता. फळ्यावर त्यांचं उदाहरण तसंच होतं. वरच्या दोन ओळी गाईडमध्ये असतात तशा, मग मध्ये बरोबर एका ओळीइतकी मोकळी जागा, आणि खाली x = 5. मला वाटलं, काहीतरी पुसलं गेलं असेल. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. मुलांच्या वह्या पाहिल्या. प्रत्येक वहीत, प्रत्येक उदाहरणात, तिथं एक ओळ कोरी सोडलेली. मुलांना विचारलं, तर म्हणाली, सर सोडतात म्हणून आम्ही सोडतो. गहाणे सरांनी एकदा कागद वाया जातो म्हणून कुरकुर केली, पण कोरी ओळ प्रचलित पद्धतीच्या विरुद्ध आहे असं काही त्यांना म्हणता येईना.

रोवणीतल्या त्या रिकाम्या वर्गात सर काय म्हणाले होते, ते मला तेव्हा आठवलं. कोरं म्हणजे कोणी पाहालेच गेलं नाही. मला रडू आलं, आणि त्यांच्याशी त्याबद्दल बोलायचं धैर्य मला तेव्हाही झालं नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मैदानात मांडव होता. पाहुणे आले होते, माइकवर हॅलो हॅलो चाललं होतं. सरांना बोलावून आणायचं काम माझ्याकडे. मी शाल आणि नारळ घेऊन नववीच्या दारात उभी राहिले. निरोप समारंभाच्या दिवशीही हा माणूस तास घेत होता. फळ्यावर x + 7 = 12 होतं. खाली पक्षांतर, मग कोरी जागा, मग x = 5.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आज तं सांगा. ही जागा कायच्यासाठी सोडता?"

सरांनी दाराकडे पाहिलं. बाहेर गहाणे सर आहेत का, ते पाहिलं असावं. मी एकटीच होते.

"मॅडम, पाच मिनिटं आहेत का?"

नव्हती. पाहुणे येऊन अर्धा तास झाला होता. "आहेत," मी म्हटलं, वर्गात आले आणि दार आतून लावून घेतलं.

सरांनी खिशातला खडूचा तुकडा काढला. वरचं पक्षांतर पुसलं, तिथं x + 7 + (−7) = 12 + (−7) असं लिहिलं, आणि मोकळ्या जागेत सावकाश, मोठ्या अक्षरात x + 0 = 5. "सात इथंच होता," ते म्हणाले. "कुठं गेला नव्हता. त्याची जोडी आली, दोघं मिळून शून्य झाले. हे ते शून्य. इथं लिहाचं असते."

मग त्या मुलीनं वहीचं मागचं पान उलटलं आणि तिथली कोरी ओळ भरली. मग त्याच्या मागचं पान. तिचं पाहून शेजारची, तिचं पाहून मागची. कुणी काही सांगितलं नव्हतं. वर्गभर पानं उलटायचा आवाज सुरू झाला. जूनपासूनच्या सगळ्या कोऱ्या ओळी मुलं भरत होती.

बाहेर माइकवरून सरांचं नाव पुकारलं गेलं. एकदा, दोनदा.

"थांबा, मॅडम," सर म्हणाले. "पोट्टे भरून राहिले." आणि ते खुर्चीवरचं डस्टर खाली ठेवून बसले. मुलांनी भरलेल्या वर्गात त्यांना बसलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. नंतर साकोलीच्या बाजारात दोनदा दिसले, पण मला हटवार सर आठवतात ते तसेच, हात मांडीवर ठेवून वाट बघत बसलेले.

"सर," मागच्या बाकावरून एक मुलगा वही वर धरून म्हणाला, "ओळ लिहिली, पण उत्तर तेच आलं."

"तेच आलं न?"

"हाव सर, तेच."

"चालते," सर म्हणाले, आणि शालीसाठी हात पुढे केला.